कातळाला हवे तसे पाऊल

जानेवारी १९८२मध्ये अमेरिकेतील माउंट वॉशिंग्टनवर १७ वर्षांचा ह्यू हर हा प्रस्तरारोहक हिमवादळात वाट चुकला. तीन रात्री उघड्यावर गेल्या. हिमदंशामुळे त्याचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. त्याला शोधायला निघालेला अल्बर्ट डाऊ हा २८ वर्षांचा स्वयंसेवक हिमस्खलनात मरण पावला.

काही महिन्यांतच हर पुन्हा कड्याला भिडला. हे कसे घडले? सर्वसाधारण कृत्रिम पाय सपाट जमिनीवर चालण्यासाठी घडवलेला असतो. कातळाची मागणी वेगळी. हरने त्या मागणीनुसार पावले बनवली : भेगेत शिरणारे पाचरीसारखे, अरुंद कंगोऱ्यावर टेकणारे आखूड, बर्फासाठी अणकुचीदार. पायांची लांबीही कमीजास्त करता येई. शिवाय वजन घटल्याने हातांवरचा भार हलका झाला. अपघातापूर्वीपेक्षा कठीण चढाया त्याला साधल्या.

अशा परतण्यात जुने शरीर हाती लागत नाही. उरलेल्या शरीराला साजेसे साधन घडवावे लागते. पुढे हर एमआयटीत कृत्रिम अवयवांचा संशोधक झाला. आपली बुद्धी इतरांच्या कामी लावणे हे डाऊचे ऋण आहे, असे तो मानतो.