चष्मा लागला म्हणून खेळ सोडावा काय?

आमच्या नेत्रविभागात शाळकरी मुलांची दृष्टितपासणी होते, तेव्हा नंबर निघाल्यावर पालकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, "आता हिची कबड्डी बंद करायची का?" वरसे, रोहे आणि धाटाव परिसरात कबड्डी ही गावोगाव खेळली जाते, त्यामुळे हा प्रश्न आमच्या दृष्टीने किरकोळ नाही. उत्तर मिळाले नाही की मूल दोहोंपैकी एक मार्ग पत्करते. एक तर खेळ सोडते, नाही तर चष्मा खिशात ठेवून अंधूक नजरेने खेळते. यांपैकी एकही मार्ग पत्करण्याची आवश्यकता नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम काचेविषयी. नेहमीच्या चष्म्यात काच किंवा साधे प्लॅस्टिक असते. जोराचा आघात झाला तर दोन्ही फुटू शकतात आणि तुकडे थेट डोळ्याकडे येतात. मन्सूर अली खान पतौडी यांचा उजवा डोळा 1961 साली इंग्लंडमध्ये मोटार-अपघातात निकामी झाला, तो काचेच्या तुकड्यामुळे. पुढच्याच वर्षी, वयाच्या 21 व्या वर्षी ते भारताचे कर्णधार झाले, हे उदाहरण पालक आम्हाला कौतुकाने ऐकवतात. कौतुक रास्तच आहे, परंतु एका डोळ्यावर खेळता येते म्हणून दुसरा पणाला लावावा, असा त्याचा अर्थ नव्हे. खेळण्यासाठी पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स या द्रव्याच्या काचा घ्याव्यात. त्या वजनाला हलक्या असतात, सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे अडवतात आणि आघाताने सहसा फुटत नाहीत. पॉलिकार्बोनेटवर ओरखडे लवकर उठतात, म्हणून वरचा कठीण लेप आवश्यक समजावा. नंबर मोठा असल्यास त्यातून कडेला किंचित रंगीत झालर दिसते, अशा वेळी ट्रायव्हेक्स बरे.

मात्र काच भक्कम आणि चौकट नाजूक असेल तर काच चौकटीतून निसटून आत येते. चौकटीची खाच अशी हवी की काच पुढे निघेल, डोळ्याकडे ढकलली जाणार नाही. तारेच्या बारीक चौकटी आणि चौकटीविना चष्मे मैदानासाठी अयोग्यच. डोक्यामागून जाणारा लवचीक पट्टा असावा. हॉलंडचे फुटबॉलपटू एडगर डेव्हिड्स काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर 1999 पासून असाच संरक्षक गॉगल लावून खेळले, त्यामुळे हे साधन दुबळ्यांचे आहे हा समज मुलांच्या मनातून काढणे सोपे जाते.

चेंडूचा आकारही लक्षात घ्यावा. डोळ्याची खोबण साधारण 40 मिलिमीटर रुंद असते. क्रिकेटचा चेंडू तिच्याहून मोठा, म्हणून पुष्कळसा आघात भुवई व गालाचे हाड सोसते. बॅडमिंटनच्या फुलाचे बूच मात्र 25 ते 28 मिलिमीटरचे असते. ते सरळ आत शिरते. निरुपद्रवी वाटणारा हा खेळ आम्हा नेत्रतज्ज्ञांना म्हणूनच अधिक धास्तीचा वाटतो. अर्थात क्रिकेटमध्येही डोळे सुरक्षित नसतात. दक्षिण आफ्रिकेचे यष्टिरक्षक मार्क बाउचर यांना 2012 साली यष्टीवरील बेल उडून डोळ्याला लागली आणि त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तेथेच संपली.

आता घोडेस्वारीकडे वळू. आपल्या जिल्ह्यात तिचे स्थान मोठे आहे. माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारींना बंदी असल्याने घोडा हे तेथे केवळ हौसेचे नव्हे, तर वाहतुकीचेही साधन आहे. घोडा दुडक्या चालीने निघाला की चष्मा नाकावरून घसरतो. उणे 8 नंबरचा चष्मा जागेवरून 5 मिलिमीटर पुढे सरकला, तर नंबर सुमारे 0.3 डायॉप्टरने कमी पडतो, म्हणजे उतारावरचा दगड नेमका दिसायला हवा तेव्हाच अस्पष्ट दिसतो. जाड नंबर असलेल्यांनी पट्टा टाळू नये. घोडा अचानक मान वर झटकतो तेव्हा स्वाराच्या तोंडावर आदळू शकतो, आणि झाडांच्या फांद्या तर असतातच. यासाठीही न फुटणारी काच हवी.

चष्म्याच्या काड्या बारीक, सपाट व सरळ असाव्यात. जाड किंवा फार वळलेल्या काड्या हेल्मेटखाली कानशिलावर रुततात आणि मग लोक हेल्मेटच काढून टाकतात, जे अधिक वाईट. चष्मा निवडायला जाताना हेल्मेट बरोबर न्यावे, हा आमचा आग्रहाचा सल्ला. चाळिशीनंतर दुहेरी नंबरचा चष्मा लावणाऱ्यांनी स्वारीसाठी केवळ दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करावा. दुहेरी चष्म्यातून खाली पाहताना वाचनाचा भाग मध्ये येतो, जमीन पुसट दिसते आणि उतरताना पाय चुकतो. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा माथेरानच्या दाट झाडीत गैरसोयीच्या ठरतात. उन्हातून सावलीत शिरल्यावर त्या पूर्ण पांढऱ्या व्हायला काही मिनिटे लागतात, घोडा मात्र तेवढा थांबत नाही. तांबड्या जांभ्याच्या धुळीसाठी बाजूने आच्छादन असलेली चौकट चांगली, परंतु कोकणच्या दमट हवेत तिच्यावर वाफ धरते. हवा खेळण्यासाठी छिद्रे आणि वाफरोधक लेप पाहून घ्यावा.

कबड्डीसाठी चष्मा नकोच. पकडीत तो घालणाऱ्यालाही लागतो आणि समोरच्यालाही. नंबर कमी असेल तर पुष्कळ मुले चष्म्याविना व्यवस्थित खेळतात. जास्त असेल तर रोज बदलायच्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्स हा पर्याय आहे, मात्र हात धुऊनच त्या लावण्याची शिस्त मुलाच्या अंगी असली पाहिजे. या लेन्स डोळ्याचे आघातापासून रक्षण करीत नाहीत, तेव्हा खेळाडूंनी नखे कापलेली ठेवण्याचा नियम पाळावाच. कोलाडला कुंडलिकेत तराफ्यावर जाताना किंवा पोहताना त्या लावू नयेत. पाण्यातील जंतूंमुळे कॉर्नियाचा चिवट संसर्ग होतो व नजर कायमची जाऊ शकते.

ज्यांचा नंबर उणे 6 हून अधिक आहे, त्यांनी असे खेळ सुरू करण्यापूर्वी बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्यावे. लांबट डोळ्यात दृष्टिपटल पातळ झालेले असते आणि आघाताने ते फाटू वा सुटू शकते. डोळ्यापुढे विजेसारखे चमकणे, अचानक काळे ठिपके तरंगणे, कडेने पडदा सरकल्यासारखे वाटणे, यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी यावे. एकाच डोळ्याने चांगले दिसणाऱ्याने मात्र खेळ कोणताही असो, संरक्षक चष्म्याविना मैदानात उतरू नये.

खेळताना डोळ्यात काही घुसले तर ते ओढून काढू नये, डोळा चोळू नये, धुऊ नये, त्यावर दाबून पट्टीही बांधू नये. कागदी पेल्याचा तळ डोळ्यावर हलकेच धरून चिकटपट्टीने बसवावा. शस्त्रक्रिया करावी लागेल या शक्यतेने रुग्णास खाऊपिऊ न घालता तातडीने रुग्णालयात आणावे आणि चष्म्याचे फुटलेले तुकडे कागदात गुंडाळून सोबत आणावेत. आत किती तुकडे राहिले, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.