एका मिनिटात तीस रोग? आधी प्रश्न विचारा

वस्तीत कधी कधी तपासणी शिबिर भरते. हातात धातूची दांडी धरायला देतात. मिनिटभरात कागद निघतो आणि त्यावर तीस-चाळीस अवयवांचा हिशोब असतो. "नवे विज्ञान आहे," असे सांगतात आणि त्याच टेबलावर औषधाच्या बाटल्या विकतात. म्हणून खरे विज्ञान काय आहे, ते पाहू.

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात सी. व्ही. रामन यांनी एक शोध लावला. पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला तर विखुरलेला जवळजवळ सगळा प्रकाश त्याच रंगाचा असतो. साधारण कोटीत एखादा प्रकाशकण मात्र रंग बदलून येतो. हा बदल रेणूच्या कंपनावर ठरतो. प्रत्येक प्रकारच्या रेणूची कंपने वेगळी, म्हणून हा जणू त्याच्या बोटाचा ठसा. पण तो फारच पुसट.

१९७४ मध्ये इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या शास्त्रज्ञांना खडबडीत चांदीवर बसलेल्या पिरिडीन या रसायनाचा ठसा ठळक मिळाला. चांदी-सोन्याच्या अतिसूक्ष्म उंचवट्यांजवळ प्रकाशाचा जोर वाढतो आणि संकेत लाखो पटींनी मोठा होतो. दुधातील मेलामाइन, फळांवरील कीटकनाशक अशा गोष्टी या पद्धतीने प्रयोगशाळेत ओळखता येतात.

तरीही मर्यादा आहेत. रेणू धातूच्या अगदी जवळ हवा. रक्तात असंख्य पदार्थ असतात, त्यातली प्रथिनेच आधी जागा अडवतात. कणांचा आकार बदलला की आकडाही बदलतो. म्हणून रोगनिदानासाठी हे तंत्र अजून मुख्यतः संशोधनातच आहे. इतक्या नाजूक यंत्रालाही नमुना लागतो, मग नुसती दांडी धरून मूत्रपिंड कसे कळेल?

शिबिरात तीन प्रश्न विचारा. नमुना कशाचा घेतला? त्यात कोणता पदार्थ मोजला? अहवालावर कोणत्या डॉक्टरची सही आहे?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर अशा कागदावर विसंबू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि क्षयरोगाचे औषध मोफत मिळते. उपचार सुरू असताना पोषणासाठी दरमहा १,००० रुपये बँक खात्यात जमा करण्याची सरकारी योजनाही आहे.

कोणी मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. आरोग्याच्या बाबतीतही तोच धम्म. जय भीम!