फ्रेंच ओपन पुढे ढकलली. धारवाडसारख्या स्पर्धांचे काय?

१७ मार्च २०२० रोजी फ्रेंच टेनिस महासंघाने केलेल्या एका घोषणेने टेनिसविश्वात खळबळ उडाली. पॅरिसच्या रोलाँ गारोस संकुलात २४ मे ते ७ जून या काळात व्हावयाची फ्रेंच ओपन स्पर्धा कोरोना महामारीमुळे २० सप्टेंबरपासून घेण्याचा निर्णय महासंघाने जाहीर केला होता. जूनमध्ये ती आणखी एक आठवडा पुढे गेली आणि अखेर २७ सप्टेंबर ते ११ ऑक्टोबर २०२० या कालावधीत पार पडली. हा बदल कागदावर केवळ तारखांचा होता. प्रत्यक्षात त्याने कोर्टाचा स्वभाव बदलला, बक्षिसांची वाटणी बदलली आणि संकटाच्या काळात कोणती स्पर्धा पुढे जाऊ शकते व कोणती थेट रद्द होते, हेही उघड केले.

या प्रश्नाचा संबंध पॅरिसपुरता मर्यादित नाही. गोव्याहून लोंढामार्गे रेल्वेने गाठता येणाऱ्या हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांतही व्यावसायिक टेनिस खेळले जाते. धारवाड जिल्हा लॉन टेनिस संघटनेच्या राजाध्यक्ष पॅव्हेलियनच्या कोर्टांवर ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या जागतिक मालिकेतील पुरुषांची २५ हजार डॉलर बक्षिसांची स्पर्धा झाली. तेथील कोर्ट मातीचे नव्हे, हार्ड कोर्ट होते. तरीही धारवाड आणि पॅरिस या एकाच शिडीच्या दोन टोकांच्या पायऱ्या आहेत. धारवाडसारख्या ठिकाणी मिळविलेल्या गुणांवर क्रमवारीत वर चढत जाणारा खेळाडूच एक दिवस रोलाँ गारोसच्या पात्रता फेरीपर्यंत पोहोचतो.

मातीचे कोर्ट म्हणजे नेमके काय?

रोलाँ गारोसच्या कोर्टाला मातीचे कोर्ट म्हटले जात असले, तरी वर दिसणारा तांबडा थर मातीचा नसतो. ती भाजलेल्या विटांची बारीक भुकटी असते. चुन्याच्या जुन्या बांधकामात वापरली जाणारी सुरखी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तिची कल्पना सहज येईल. हा थर जेमतेम एक ते दोन मिलिमीटर जाडीचा असतो. त्याखाली पांढऱ्या चुनखडीच्या चुऱ्याचा काही सेंटीमीटरचा थर, त्याखाली जळालेल्या कोळशाच्या अवशेषांचा थर आणि तळाशी खडी व दगड अशी रचना असते. चुनखडी पाणी धरून ठेवते व वरची भुकटी ओलसर राखते, तर खालचे थर जादा पाण्याचा निचरा करतात.

कोर्टाच्या पृष्ठभागाइतकेच त्याखालच्या जमिनीलाही महत्त्व असते. हुबळी-धारवाड परिसरात हे चटकन लक्षात येते. या पट्ट्यात पश्चिमेकडे मलेनाडूची तांबडी जमीन आहे आणि पूर्वेकडे कापसाची काळी जमीन सुरू होते. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर सपाट कोर्ट टिकवायचे झाल्यास पायापासूनच काळजी घ्यावी लागते.

विटांच्या भुकटीचे कोर्ट ओलाव्यावर जगते. भुकटी फार कोरडी झाली तर वाऱ्याने उडते आणि कोर्ट घसरडे व वेगवान बनते. फार ओली झाली तर चेंडूच्या लोकरी आवरणाला चिकटते, चेंडू जड होतो आणि त्याची उसळी कमी होते. म्हणूनच या कोर्टांवर दररोज पाणी शिंपडले जाते, जाळी ओढून पृष्ठभाग सारखा केला जातो आणि पाऊस येताच ताडपत्री अंथरली जाते. माणसाला करता येते ते एवढेच. बाकी सारे हवामानाच्या हाती असते.

ऋतू बदलल्याने काय बदलले?

मेअखेर पॅरिसमध्ये दिवस मोठा असतो आणि रात्री साडेनऊनंतर सूर्य मावळतो. ऑक्टोबरच्या आरंभी साडेसातच्या सुमारास अंधार पडतो, हवा गार व दमट असते आणि ओले कोर्ट लवकर सुकत नाही. २०२० च्या स्पर्धेत पहिल्याच दिवसांत खेळाडूंना थंडी आणि रिमझिम पावसाला तोंड द्यावे लागले. त्यातच त्या वर्षी चेंडूचा पुरवठादार बदलला होता आणि नवे चेंडू जड वाटतात, अशी तक्रार राफेल नदालसह अनेकांनी केली. ऊन नसल्याने उंच उसळणारा टॉपस्पिनचा फटका बोथट होईल आणि नदालला याचा फटका बसेल, असा अंदाज व्यक्त झाला होता.

हा अंदाज खोटा ठरला. नदालने एकही सेट न गमावता विजेतेपद मिळविले. अंतिम सामन्यात त्याने नोव्हाक जोकोविचला ६-०, ६-२, ७-५ असे नमविले. रोलाँ गारोसमधील त्याचे हे तेरावे, तर ग्रँड स्लॅम स्पर्धांतील एकंदर विसावे विजेतेपद होते. महिला गटात क्रमवारीत ५४ व्या स्थानी असलेल्या पोलंडच्या इगा श्वियाँतेकने अंतिम फेरीत सोफिया केनिनला ६-४, ६-१ असे हरविले. थंड हवेत आखूड पडणारे ड्रॉप शॉट अधिक परिणामकारक ठरले आणि फ्रान्सचा ह्युगो गास्तों हा क्रमवारीत २३९ वा असलेला खेळाडू त्यांच्या बळावर डॉमिनिक थीमला पाच सेटपर्यंत झुंजवू शकला.

हुबळी-धारवाडला हा न्याय लावून पाहिल्यास प्रश्न अधिक कठीण होतो. येथे मोकळ्या कोर्टावरील खेळाचा सोयीचा काळ पावसाळ्यानंतरचा असतो. पॅरिसची स्पर्धा चार महिने पुढे ढकलली तेव्हा तिला थंडी सोसावी लागली. धारवाडमध्ये फेब्रुवारीत ठरलेली स्पर्धा तेवढीच पुढे ढकलली तर ती थेट जूनच्या पावसात सापडेल.

पॅरिसला हे कसे साधले?

पहिले कारण आर्थिक निकडीचे होते. फ्रेंच महासंघाच्या उत्पन्नापैकी सुमारे ८० टक्के वाटा या एका स्पर्धेतून येतो. देशभरातील क्लब, प्रशिक्षण केंद्रे आणि छोट्या स्पर्धा त्याच पैशावर चालतात. स्पर्धा बुडणे म्हणजे संपूर्ण देशातील टेनिसचे वर्ष बुडणे होते.

दुसरे कारण साधनांचे होते. फिलिप शात्रिए या मुख्य कोर्टावर त्याच वर्षी सरकते छप्पर तयार झाले होते आणि प्रकाशझोतांचीही सोय झाली होती. या दोन गोष्टींवाचून ऑक्टोबरमधील स्पर्धा वेळेत संपविणे अवघड झाले असते. अंतिम सामन्यातही छप्पर बंद ठेवावे लागले.

तिसरे कारण अधिकाराचे. ग्रँड स्लॅम स्पर्धा पुरुष व महिला खेळाडूंच्या व्यावसायिक संघटनांच्या अखत्यारीबाहेर असल्यामुळे त्या आपली तारीख स्वतः निवडू शकतात. फ्रेंच महासंघाने हा अधिकार पुरेशी चर्चा न करता वापरला, असा आक्षेप खेळाडूंनी घेतला. मूळ नव्या तारखेनुसार अमेरिकन ओपन संपल्यावर अवघ्या आठवड्यात फ्रेंच ओपन सुरू होणार होती, आणि बोस्टनमधील लेव्हर कपशीही तिची गाठ पडत होती. लेव्हर कप नंतर २०२१ वर ढकलण्यात आला. याउलट विम्बल्डनला गवताच्या हंगामाबाहेर जाता येत नव्हते. त्या स्पर्धेकडे महामारीचा विमा होता आणि १ एप्रिल रोजी ती रद्द करण्यात आली.

एवढे करूनही पॅरिसला पूर्ण यश लाभले नाही. दररोज २० हजार प्रेक्षकांची योजना होती. संसर्ग वाढत गेला तशी ही संख्या ११,५००, मग ५ हजार आणि अखेर १ हजारावर आली. पात्रता फेरीच्या तोंडावर पाच खेळाडूंना स्पर्धेतून वगळावे लागले. गतविजेती अॅशली बार्टी आलीच नाही.

बक्षिसांची वाटणी का बदलली?

या स्पर्धेतील सर्वांत दूरगामी निर्णय बहुधा बक्षिसांचा होता. एकूण रक्कम घटवून ३ कोटी ८० लाख युरो करण्यात आली. एकेरीच्या विजेत्याची रक्कम २३ लाखांवरून १६ लाख युरोपर्यंत खाली आली. मात्र पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला ४६ हजारांऐवजी ६० हजार युरो मिळाले. पात्रता फेरीच्या पहिल्या सामन्यात हरणाऱ्यालाही १० हजार युरो देण्यात आले.

यामागील कारण समजून घेण्यासाठी धारवाडच्या पायरीकडे पाहावे लागते. २५ हजार डॉलरच्या स्पर्धेत तेव्हा एकेरीच्या विजेत्याला सुमारे ३,६०० डॉलर मिळत आणि मुख्य फेरीतील पहिला सामना हरणाऱ्याच्या हाती सुमारे २६० डॉलर पडत. प्रवास, प्रशिक्षक, रॅकेटच्या तारा, जेवणखाण हा सारा खर्च त्यातूनच भागवायचा असतो. मार्च २०२० मध्ये व्यावसायिक टेनिस थांबले, तेव्हा या स्तरावरील खेळाडूंची मिळकत एका दिवसात शून्यावर आली. आघाडीचा खेळाडू साठविलेल्या पैशावर व जाहिरातींवर वर्ष काढू शकतो. तीनशेव्या क्रमांकाच्या खेळाडूला ते शक्य नसते. टेनिसच्या प्रमुख संस्थांनी मिळून सुमारे ८०० खेळाडूंसाठी ६० लाख डॉलरहून अधिक मदतनिधी उभारला, तो याच कारणाने.

पुढे ढकलली तरी स्पर्धा झाली, याचा लाभ खालून येणाऱ्यांना मिळाला. अर्जेंटिनाची नादिया पोदोरोस्का क्रमवारीत १३१ वी होती. पात्रता फेरी खेळून ती उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली. रोलाँ गारोसमध्ये खुल्या युगात अशी कामगिरी करणारी ती पहिली महिला पात्रतावीर ठरली. भारताच्या अंकिता रैनानेही पात्रता फेरीत एक सामना जिंकून दुसऱ्या फेरीपर्यंत मजल मारली. स्पर्धा रद्द झाली असती, तर या दोघींच्या हाती काहीच लागले नसते.

लहान स्पर्धांचे काय झाले?

ज्यांच्यापाशी छप्पर, प्रकाशझोत, विमा वा स्वतःची तारीख निवडण्याचा अधिकार नाही, त्या स्पर्धांपुढे रद्द होणे हाच मार्ग उरला. पुण्यातील टाटा ओपन महाराष्ट्र ही बालेवाडीच्या हार्ड कोर्टवरील स्पर्धा फेब्रुवारी २०२० मध्ये थोडक्यात बचावली. २०२१ मध्ये ती झाली नाही आणि थेट ३१ जानेवारी २०२२ रोजी पुन्हा सुरू झाली. मोठ्या प्रायोजकाच्या स्पर्धेची ही अवस्था असेल, तर जिल्हा संघटनेच्या बळावर उभ्या राहणाऱ्या स्पर्धेची कल्पना करता येते.

दुसरा परिणाम क्रमवारीचा होता. खेळच बंद असल्याने क्रमवारी काही महिने गोठविण्यात आली आणि खेळ सुरू झाल्यावरही २०१९ चे गुण लगेच वजा केले गेले नाहीत. प्रवास करू न शकणाऱ्या खेळाडूंवर अन्याय होऊ नये, हा त्यामागील हेतू योग्यच होता. परंतु वरचे खाली येईनात, म्हणून खालचे वर जाईनात. हुबळी-धारवाडसारख्या शहरांत पहिले गुण मिळवू पाहणाऱ्या तरुणांसाठी एक-दोन वर्षांचा हा खोळंबा अनेकदा कारकिर्दीचाच प्रश्न बनतो. विशीतील वर्ष परत मिळत नाही आणि पालकांची बचतही संपत जाते.

२०२१ मध्ये फ्रेंच ओपन पुन्हा आठवडाभर पुढे गेली आणि ३० मे रोजी सुरू झाली. त्यानंतर ती आपल्या ऋतूत परतली. पॅरिसने त्या शरद ऋतूत दाखविले की, पुरेशी साधने असली तर मातीवरची स्पर्धाही अवेळी घेता येते. धारवाडसारख्या केंद्रांना तेवढी साधने मिळणे कठीण आहे. मात्र पहिल्या फेरीत हरणाऱ्याचा वाटा वाढविण्याचा आणि संकटकाळासाठी निधी राखून ठेवण्याचा जो मार्ग २०२० मध्ये घाईने स्वीकारला गेला, तो राज्य संघटनांना आणि राष्ट्रीय महासंघाला शांत काळातही अवलंबिता येईल. पुढील संकटात शिडीची खालची पायरी शाबूत राहिली, तरच वरच्या पायरीवर भारतीय नाव दिसण्याची आशा धरता येईल.