मोटर उलटी वीज ढकलते तेव्हा

ब्रेक लावला, झटक्यात दिशा बदलली किंवा उतारावर गाडीनेच चाके फिरवली, की डीसी मोटर जनरेटर होते. ती वीज मोटर ड्रायव्हरच्या एच-ब्रिजमधून, मोटरला वीज पुरवणाऱ्या बक कन्व्हर्टरच्या आउटपुटवर येते. ब्रिजमधले डायोड तिला अडवतात असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तेच तिला सप्लायकडे वाट करून देतात. सिंक्रोनस बकमध्ये तर उलटा प्रवाह शिरला की तेच सर्किट बूस्टसारखे चालून इनपुटचा व्होल्टेज चढवू शकते. इनपुटला बॅटरी असेल तर ती ही वीज बहुधा पचवते, साधा अडॅप्टर नाही.

हा उलटा प्रवाह रोखायला कन्व्हर्टरच्या आउटपुटला शॉट्की डायोड मालिकेत जोडा. १एन५८२२ हा ३ अँपियर, ४० व्होल्टचा. पूर्ण प्रवाहाला सुमारे अर्धा व्होल्ट खातो, म्हणजे दीड वॅट उष्णता. कन्व्हर्टर वाचला, पण ऊर्जा ड्रायव्हरच्या बाजूला अडकली. तिथला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १२ वरून १६ व्होल्टवर जाताना जेमतेम ०.०५६ ज्यूल घेतो. सेकंदाला एक मीटर धावणाऱ्या एक किलोच्या रोबोत अर्धा ज्यूल असतो, जवळपास नऊपट! घर्षणात आणि वाइंडिंगमध्ये काही जाते, तरी उरलेली पुरेशी घातक.

म्हणून खरा उपाय ब्रेक रेझिस्टर: ठरावीक व्होल्टेज ओलांडताच कंपॅरेटर मॉस्फेट चालू करतो आणि ऊर्जा उष्णता होऊन जाते. टीव्हीएस डायोड क्षणिक झटक्यांपुरताच. मोटरचे हे झटके पोहोचू नयेत म्हणून रोबोच्या मायक्रोकंट्रोलरला मात्र स्वतंत्र कन्व्हर्टर द्याच.