नैवाशा: पक्ष्यांच्या यादीमागचे सरोवर

केनियातील नैवाशा सरोवराची थोरवी सहसा एका आकड्यात सांगितली जाते: साडेतीनशेहून अधिक जातींचे पक्षी. १९९५ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. पण गेल्या पन्नास वर्षांचा मागोवा घेतला, तर ही यादी सरोवराच्या प्रकृतीविषयी फार थोडे सांगते. नैवाशाला जमिनीवरून बाहेर पडणारा प्रवाह नाही. पाणी भूगर्भातून झिरपत जाते, म्हणून रिफ्ट दरीतल्या खाऱ्या सरोवरांमध्येही ते गोडे राहिले. अशा पाण्यात वाढणाऱ्या पाणवनस्पतींवर वारकरी पक्ष्यांचे मोठे थवे पोसले जात. १९७० साली मच्छीमारांना उत्पन्न मिळावे म्हणून अमेरिकेतले झिंग्यासारखे तांबडे क्रेफिश इथे सोडले गेले. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्यांनी तळाच्या वनस्पतींचा फडशा पाडला, वारकरी रोडावले. मासे कमी पडले की मत्स्यगरुड याच वारकऱ्यांवर झडप घालतो. पाणी गढूळ होऊन मासा दिसेनासा झाला, तेव्हा हा आधारही तुटला होता. १९८८ मध्ये जलपर्णी आली, २००१ मध्ये तळ ढवळणारा कार्प मासा. मत्स्यगरुड आणि वारकरी यादीत मात्र होतेच, कारण यादी संख्या मोजत नाही.

यावर कोणी म्हणेल, नैवाशाचे पाणी पूर्वापार चढते-उतरते. २००९ मध्ये ते फार आटले आणि २०२० मध्ये काठावरच्या घरांत शिरले. हे खरेच आहे. पण या चढउतारावरच काठावरच्या पपायरस या उंच लव्हाळ्याचे चक्र चालते. पाणी ओसरले की उघड्या चिखलात त्याचे बी रुजते, आणि वाढलेला पट्टा नद्यांचा गाळ अडवतो. त्या चिखलावर शेती आणि गुरे आली की हे चक्र मोडते; दोष पाण्याच्या चढउताराचा नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: १९८० च्या दशकापासून वाढलेल्या फुलशेतीने हजारो कुटुंबांना रोजगार दिला. तो नाकारून चालणार नाही. शिवाय गाळ आणि खते सरोवराला मिळणाऱ्या मालेवा नदीच्या वरच्या खोऱ्यातूनही येतात, त्यामुळे सगळा ठपका फुलांच्या मळ्यांवर ठेवणे अन्यायाचे ठरेल. पण ते मळेही याच गोड्या पाण्यावर उभे आहेत. म्हणून काठाचा पपायरस मोकळा सोडणे हे पक्ष्यांवरचे उपकार नव्हेत, त्या रोजगाराचीही ती राखण आहे. नैवाशाला जाणाऱ्या पक्षीनिरीक्षकांनी किती जाती दिसल्या एवढ्यावर न थांबता वारकरी किती दिसले, तेही नोंदवावे.