तीस लाख मीटर आणि हवाईचा प्राध्यापक

चारकोपच्या एका वाचकांनी विचारलं आहे : ‘आमच्या सोसायटीत नवे स्मार्ट मीटर बसले. म्हणे दर अर्ध्या तासाचं रिडिंग ते स्वतःच पाठवतात. सगळ्या उपनगरातले मीटर एकदम बोलायला लागले, तर कंपनीचा संगणक बसत कसा नाही?’

प्रश्न फार चांगला आहे. आधी हिशेब करू. उपनगरात अदानी इलेक्ट्रिसिटीचे सुमारे ३० लाख ग्राहक आहेत. रिडिंगवाला महिन्यातून एकदा जिन्याखाली डोकावून जायचा, तेव्हा दिवसाला साधारण एक लाख आकडे गोळा व्हायचे. सगळेच मीटर स्मार्ट झाले आणि प्रत्येकाने अर्ध्या अर्ध्या तासाची नोंद दिली, तर दिवसाला १४ कोटी ४० लाख नोंदी होतील. म्हणजे सेकंदाला सरासरी सतराशेच्या आसपास.

एवढ्याने आजचे संगणक दबत नाहीत. अशा यंत्रणेत एक अवाढव्य संगणक नसतोच. मीटरच्या क्रमांकांनुसार काम अनेक साध्या संगणकांत वाटलेलं असतं. प्रत्येक नोंदीच्या प्रती दोन-तीन ठिकाणी असतात, त्यामुळे एक संगणक बंद पडला तरी दुसरा त्याचं काम उचलतो. आलेलं रिडिंग थेट बिलात जात नाही. ते आधी रांगेत उभं राहतं आणि बिलिंगची यंत्रणा सवडीने ते उचलते. मीटर दुप्पट झाले, की संगणक वाढवायचे. आराखडा तोच राहतो.

वाचकांची शंका खरी ठरते ती ‘एकदम’ या शब्दापाशी. समजा, जुलैच्या पावसात ठाकूर व्हिलेजचा एखादा फीडर ट्रिप झाला. मीटरमध्ये थोडी वीज साठवून ठेवण्याची सोय असते. तिच्या जोरावर ‘माझी वीज गेली’ असा अखेरचा निरोप हजारो मीटर एकाच क्षणी पाठवू पाहतात. वीज परत आली, की हेच हजारो मीटर पुन्हा एकदम जागे होतात. निरोप एकमेकांवर आदळतात आणि कोणाचाच नीट पोहोचत नाही. ‘पोहोचला नाही तर पाच सेकंदांनी पुन्हा पाठव’ असा नियम सर्वांना घातला असेल, तर पाच सेकंदांनी तीच गर्दी आणि तोच गोंधळ.

यावरचा उपाय सापडला तो हवाई बेटांवर, आणि इथे मला थोडं रेंगाळायचं आहे. होनोलुलूच्या विद्यापीठात नॉर्मन अ‍ॅब्रॅमसन नावाचे प्राध्यापक होते. सर्फिंगचा नाद हे त्यांच्या तिथे जाण्याचं एक कारण होतं, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही. विद्यापीठाचा आयबीएमचा संगणक ओआहू बेटावर, तर त्याचे वापरकर्ते इतर बेटांवरही विखुरलेले. टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या. म्हणून अ‍ॅब्रॅमसन आणि सहकाऱ्यांनी रेडिओलहरी वापरायचं ठरवलं आणि जून १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ सुरू झालं. सगळ्यांना बोलायला वाहिनी एकच. पाळी कोणाची, हे ठरवणारा कोणी नाही.

मग चालायचं कसं? आपल्या हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा डोळ्यांपुढे आणा. विषय पुनर्विकासाचा, त्यामुळे प्रत्येकाला आत्ताच बोलायचंय. सेक्रेटरी हात वर करायला सांगून दमले आहेत. आता फक्त एक नियम करा : खुशाल बोला. सेक्रेटरींनी मान डोलावली, तर मुद्दा पोहोचला. नाही डोलावली, तर गप्प व्हा, मनात कोणताही एक आकडा धरा, तेवढा वेळ थांबा आणि पुन्हा बोला. जोशीकाका तीन सेकंद थांबतील, शहाबेन अकरा. पुढच्या खेपेला दोघांची टक्कर होण्याची शक्यता कमी. तरीही झालीच, तर आकडा आधीपेक्षा दुप्पट मोठ्या पल्ल्यातून निवडायचा. सभा जेवढी तापेल, तेवढा प्रत्येक जण आपणहून जास्त थांबेल. कोणी कोणाला दटावायला नको. (हा प्रयोग खऱ्या सभेत करून पाहावा, अशी माझी फार इच्छा आहे.)

पल्ला दुप्पट करण्याची सुधारणा पुढे तारेने संगणक जोडणाऱ्या ‘इथरनेट’मध्ये रुळली. मूळ अलोहात फक्त यादृच्छिक थांबणं होतं, आणि त्यात वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळच सत्कारणी लागतो. पण त्या बदल्यात मध्यवर्ती नियंत्रकाची गरजच संपते आणि नवा सदस्य कोणाचीही परवानगी न घेता सामील होऊ शकतो. अलोहानेट सुरू झाल्यावर पुढच्याच वर्षी लॅरी रॉबर्ट्स या अभियंत्यांनी वेळेचे ठरावीक कप्पे पाडून ते प्रमाण दुप्पट केलं.

रॉबर्ट मेटकाफ यांचा हार्वर्डमधला पीएचडीचा प्रबंध आधी नाकारला गेला होता. त्यात अलोहाचं गणित घातल्यावर तो मंजूर झाला. त्याच कल्पनेवर त्यांनी १९७३ मध्ये इथरनेट उभं केलं आणि २०२२ चा ट्युरिंग पुरस्कार मिळवला. तो रास्तच आहे. अ‍ॅब्रॅमसन यांना तो कधी मिळाला नाही. डिसेंबर २०२० मध्ये ते गेले. तुमचा मोबाइल टॉवरला पहिली हाक मारतो, ती याच कप्पेवाल्या अलोहाच्या रीतीने. मीटरमध्ये सिमकार्ड असेल तर तोही तसाच हाका मारतो. चारकोपच्या मीटर रूममध्ये या प्राध्यापकांचं गणित रोज कामाला लागलेलं असतं.

इथवर सगळं छान. पण स्मार्ट मीटरच्या जाहिरातींत एक गोष्ट पुढे येत नाही. मीटर फक्त बोलत नाही, तो ऐकतोही. त्यात दुरून वीज तोडण्याचा स्विच असतो. १२ ऑगस्ट २०२० रोजी, जन्माष्टमीला, उत्तर प्रदेशात दीड लाखांहून अधिक घरांची वीज एकाएकी गेली. तारा ठीक, ट्रान्सफॉर्मर ठीक. केंद्रातून मीटरना चुकीची आज्ञा गेली होती आणि मीटरनी ती इमानेइतबारे पाळली.

महाराष्ट्रात वाद झाला तो प्रीपेडवरून. सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असं जून २०२४ मध्ये सरकारने जाहीर केलं. बिलाच्या चिंतेत आज्ञेचा मुद्दा मागे पडला. प्रीपेड असो वा पोस्टपेड, तोडण्याचा अधिकार मात्र एका ठिकाणी एकवटलेलाच आहे.

आकडे गोळा करण्याचं काम आपण इतक्या शहाणपणाने वाटून टाकलं, मग आज्ञा देण्याचं का नाही? इलाज अवघड नाहीत. तोडण्याची आज्ञा एका वेळी ठरावीक मीटरनाच जावी. त्याहून मोठ्या आज्ञेला दुसऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी लागावी. एकाच मिनिटात शेकडो शेजाऱ्यांची वीज तोडायचा हुकूम आला, तर तो पाळण्याआधी वाटेवरच्या यंत्रणेने खात्री करून घ्यावी. संगणकशास्त्रात हे नवं नाही. मोठ्या कंपन्या आपल्या सॉफ्टवेअरमधले बदल असेच थोड्या यंत्रांवर तपासून मग पुढे नेतात.

तेव्हा वाचकहो, तुमच्या मीटरांच्या कलकलाटाने संगणक बसणार नाही, निश्चिंत असा. वीज नियामक आयोगाच्या पुढच्या जनसुनावणीला मात्र जरूर जा आणि विचारा, की कंपनीतल्या एका माणसाच्या एका चुकीने जास्तीत जास्त किती घरं अंधारात जाऊ शकतात. याचं उत्तर ३० लाख असेल, तर त्या यंत्रणेला स्मार्ट म्हणायची घाई करू नका.