दार उघडें असावें



माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा चाळिशीचा झाला. परंतु त्याची समज पांच-सहा वर्षांच्या मुलाएवढीच राहिली. "माझ्यामागें याचें कसें होणार?" असें बहीण भेटेल तेव्हां विचारते. बौद्धिक अपंगत्व असलेल्या अशा माणसांसाठीं निवासी संस्था असतात. त्या चांगल्या कीं वाईट, हें आपण बाहेरच्यांनीं ओळखावें कसें, एवढ्याच प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम एक घडलेली हकीगत सांगतों. इंग्लंडमध्यें ब्रिस्टल शहराजवळ 'विंटरबोर्न व्ह्यू' नांवाचें २४ खाटांचें खासगी रुग्णालय होतें. तें २००६ सालीं सुरू झालें. दर माणसामागें आठवड्याला सुमारें ३,५०० पौंड खर्च होई, आणि तोहि सरकारी तिजोरींतून. असें असतां २०११ च्या मे महिन्यांत बी. बी. सी.च्या 'पॅनोरामा' या कार्यक्रमांत, लपविलेल्या कॅमेऱ्यानें टिपलेला तेथील प्रकार लोकांनीं पाहिला. ज्यांनीं सांभाळावयाचें, तेच त्या असहाय माणसांना मारीत होते, जमिनीवर दाबून धरीत होते, थंड पाण्यानें भिजवीत होते. तेथील एका अनुभवी परिचारकानें २०१० मध्येंच व्यवस्थापकांना आणि सरकारी तपासणी खात्याला कळविलें होतें. पण वेळीं दखल घेतली गेली नाहीं. पुढें रुग्णालय बंद झालें. ११ कर्मचाऱ्यांनीं गुन्हे कबूल केले, व २०१२ सालीं त्यांपैकीं सहा जणांस तुरुंगवास झाला.

पैसा होता, इमारत होती, तपासनीसहि होते. मग उणें काय होतें? चौकशींत आढळलें कीं, भेटीस येणाऱ्या आप्तांना राहण्याच्या दालनांत व खोल्यांत प्रवेशच नव्हता. आंत दिवस कसा जातो, हें बाहेरच्या कोणाच्या दृष्टीस पडत नव्हतें. रुग्णांना वरचेवर दुसऱ्या इस्पितळांत न्यावें लागे, पोलिसहि येत. परंतु या सुट्या गोष्टी एकत्र मांडून त्यांचा अर्थ लावण्याचें काम कोणींच केलें नाहीं.

तारीख सांगून केलेल्या तपासणीचें मोल मी जाणतों. मीं ३६ वर्षें शिक्षकी केली. तपासनीस येणार असें कळलें कीं, आम्ही भिंतींना चुना देत असूं आणि हुशार मुलें पुढच्या बांकावर बसवीत असूं. मागच्या बांकावरचा मुलगा साहेबांना त्या दिवशीं दिसतच नसे. याची आज मला लाज वाटते. निवासी संस्थेंत तर सगळेच मागच्या बांकावरचे; त्यांतील अनेकांना आपलें दुःख शब्दांत सांगतांहि येत नाहीं.

म्हणून संस्था पाहावयास जाल तेव्हां दर्शनी दालन पाहून परतूं नका. न कळवितां जा. जेवणाच्या वेळीं जा. झोपण्याची खोली व न्हाणीघर पाहूं द्या, असें सांगा. रात्रीं किती सेवक जागे असतात, सेवक वर्षानुवर्षें टिकतात कीं महिन्या-महिन्याला बदलतात, कोणाला इजा झाल्यास तिची नोंद होते काय, चिडलेल्या माणसास आवरतात कसें, हें विचारा. आणि सर्वांत महत्त्वाचें, तेथील माणसाकडे नीट पाहा : सेवक जवळ येतांच तो हंसतो, कीं अंग चोरतो?

आपल्या देशांत २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियमानें अशा संस्थांना नोंदणी आवश्यक केली आहे. आणि त्याच्या कलम ७ अन्वयें, छळ होत असल्याची सकारण शंका आलेल्या कोणाहि माणसास कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे माहिती देतां येते. परंतु शंका येण्यासाठीं प्रथम कोणी तरी आंत जाऊन पाहिलें पाहिजे. तें काम कायदा करीत नाहीं. तें आपणच करावयाचें आहे.

बहिणीला मीं सांगितलें आहे, "संस्था निवडतांना मी बरोबर येईन, आणि पुढेंहि दर महिन्याला, तारीख न कळवितां, जात राहीन. माझ्यामागें माझा मुलगा जाईल." ज्या घराचें दार आमच्यासाठीं उघडणार नाहीं, तेथें भाच्याला ठेवावयाचें नाहीं, एवढें आमचें ठरलें आहे.